ओळख थोरांची : लक्ष्मीबाई टिळक

नाताळच्या अंकासाठी कोणावर लिहायचे, यावर आमच्या मोठ्या गटात दोन आठवडे वाद चालला होता. आपल्या वर्गात वसईकडची आणि गोव्याकडची काही घरे नाताळ साजरा करणारी आहेत. बाकीच्या घरांत त्या दिवशी त्यांच्याकडून आलेल्या फराळाच्या ताटाची वाट पाहिली जाते. शेवटी रेव्हरंड नारायण वामन टिळकांवर लिहावे असे ठरले. फुलांमुलांचे कवी म्हणून त्यांचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले आहे. पण माहिती जमवायला बसलो तेव्हा असे झाले, की आम्हाला जे जे सांगावेसे वाटले ते बहुतेक त्यांच्या पत्नीने केलेले निघाले. म्हणून आम्ही विषय बदलला. या अंकात लक्ष्मीबाईंची ओळख करून देत आहोत. टिळक त्यात येतीलच, ते टाळता येण्यासारखे नाहीत!

नाशिकजवळ गोदावरीच्या काठी जलालपूर नावाचे गाव आहे. तिथे गोखल्यांच्या घरी १८६८ साली लक्ष्मीबाईंचा जन्म झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, घरात मनू म्हणत. १८५७ च्या बंडानंतर मनूच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, इंग्रजांनी फाशी दिली होती. त्या धक्क्यानंतर मनूच्या वडिलांनी सोवळ्याचा ध्यास घेतला तो शेवटपर्यंत सुटला नाही. सोवळे हा शब्द आपल्यातल्या लहानांना ठाऊक नसेल. पूजेच्या किंवा स्वयंपाकाच्या वेळी स्नान करून, वेगळे वस्त्र नेसून, कोणाला न शिवता राहायचे, याला सोवळे म्हणतात. नानांचे सोवळे मात्र या सगळ्याच्या पलीकडे गेले होते. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुवून घरात घ्यायची. धान्य धुवायचे हे एक वेळ समजू शकते, पण त्या घरात मीठसुद्धा धुतले जाई. ते धुतल्यावर किती उरत असेल, याचा हिशेब आमच्या गटातल्या गणितवाल्यांनी करून पाहावा. मनूची आई आणि भावंडे या शिस्तीत भरडली जात. शिवाशिवीची भीती मनूच्या अंगात अशी लहानपणीच भिनली. हे सगळे लक्षात ठेवा, कारण पुढे याच मुलीच्या हातून जे घडले त्याची किंमत त्यावरून कळते.

१८८० मध्ये, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, मनूचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले आणि ती लक्ष्मी झाली. टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. त्यांचे वडील फार तापट होते आणि आई लवकर गेली. त्यामुळे घर असे त्यांना फारसे मिळालेच नाही. शिक्षण नाशिकला झाले. बुद्धी तल्लख, कविता तोंडावर, वाणी रसाळ, आणि पाय मात्र एका जागी ठरत नसत. मनात आले की निघाले. नोकरी धरायची आणि सोडायची, आज या गावी तर उद्या त्या गावी. बायको माहेरी, सासरी, बहिणीकडे, जिथे सोय होईल तिथे. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. अक्षरांची ओळख झाली ती लग्नानंतर, टिळकांमुळे. जोडाक्षरांना कंटाळणाऱ्या आमच्या धाकट्या गटाने याची नोंद घ्यावी, की मराठीतले एक अत्यंत गाजलेले आत्मचरित्र अशा बाईने लिहिले आहे.

१८९३ च्या सुमारास टिळक आगगाडीने प्रवास करत असताना एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. त्या गृहस्थाने त्यांना बायबलचा नवा करार वाचायला दिला. त्यातले डोंगरावरचे प्रवचन टिळकांच्या मनात असे रुतले, की पुढची दोन वर्षे ते त्याच विचारात होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या संस्थेच्या लोकांमध्ये ते गेले ती अमेरिकन मराठी मिशन. ती मुंबईत १८१३ पासून आणि अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, १८३१ पासून काम करत होती. आपल्या शेजारी मत्रहला डॉक्टर वेल्स टॉम्स यांनी ज्या अमेरिकन मिशनच्या दवाखान्यात अनेक वर्षे काम केले ते मिशन वेगळे, पण दोघांची माणसे अशीच दूरदेशाहून येऊन दवाखाने आणि शाळा चालवणारी.

आज कोणी धर्म बदलला तरी घरात वादळ उठते. तेव्हा तर तो जिवंतपणी मेल्यासारखाच मानला जाई. लक्ष्मीबाई त्या वेळी सव्वीस वर्षांच्या होत्या आणि पदरी दत्तू नावाचा चार वर्षांचा मुलगा होता. नवरा आहे आणि नाही, कुंकू आहे आणि संसार नाही, अशी त्यांची स्थिती झाली. त्या आजारी पडल्या. बहीण आणि मेहुणे नानासाहेब पेंडसे यांनी त्यांना आधार दिला. या मेहुण्यांबद्दल आम्हाला वेगळे लिहावेसे वाटते. घरातला जावई ख्रिस्ती झाला म्हणून त्यांनी मेव्हणीला टाकले नाही, की तिच्या मुलाला परके मानले नाही. नाशिक, पंढरपूर, जिथे ते असतील तिथे त्यांचे घर लक्ष्मीबाईंचे राहिले. त्या काळात लोक काय म्हणतील याचा विचार करून दार लावून घेणे फार सोपे होते. लक्ष्मीबाईंनी पुढे आयुष्यभर इतरांसाठी दार उघडे ठेवले. ते त्या चांगुलपणाची परतफेड म्हणून होते की काय, हे आम्हाला सांगता येणार नाही, पण दार उघडे ठेवणे म्हणजे काय ते त्यांनी आधी हिंदू नातेवाइकांच्या घरी पाहिले होते.

त्या दुःखाच्या दिवसांतच लक्ष्मीबाईंना कविता सुचू लागल्या. दुसरीकडे टिळकांची पत्रे येत. तू ख्रिस्ती हो असा आग्रह त्यांनी धरला नाही, एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे. सुमारे पाच वर्षे अशी गेल्यावर लक्ष्मीबाईंनी नवऱ्याजवळ राहायचे ठरवले आणि त्या दत्तूला घेऊन नगरला आल्या. पण धर्म आपला आपल्याजवळ. स्वयंपाकपाणी वेगळे, सोवळेओवळे चालू, ख्रिस्ती माणसाच्या हातचे पाणीही नाही. एका संसारात दोन चुली. आजूबाजूला मिशनची माणसे, त्यांतली कितीतरी महार-मांग समाजांतून आलेली, आणि मध्ये नाना गोखल्यांची ही मुलगी पदर सावरून चालणारी.

बदल झाला तो राहुरीला. टिळक तेव्हा तिथे मिशनच्या कामावर होते. लक्ष्मीबाईंना एके दिवशी एक प्रश्न पडला : जाती देवाने केल्या की माणसाने? कोणी पंडिताने हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवलेला नव्हता. आपल्याच मनाशी त्यांनी तो घोळवला आणि उत्तर दिले की हे माणसाचेच काम. इथपर्यंत पुष्कळ लोक येतात. वर्गात आम्हीसुद्धा निबंधात हे वाक्य लिहितो आणि पूर्ण गुण घेतो. लक्ष्मीबाईंचे वेगळेपण असे, की उत्तर मिळाल्यावर त्या थांबल्या नाहीत. आता यापुढे कोणाच्याही हातचे खायचे आणि प्यायचे, असे त्यांनी ठरवले आणि लगेच तसे वागू लागल्या. ज्या घरात मीठ धुतले जाई त्या घरातल्या मुलीने हे केले. लक्षात घ्या, हे त्यांनी ख्रिस्ती होण्याच्या आधी केले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये झाला. म्हणजे त्यांच्या बाबतीत वागणे आधी बदलले आणि धर्माचे नाव नंतर बदलले. आमच्यातल्या काहींना हे उलटे वाटले. आम्हाला मात्र सबंध चरित्रातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

या निश्चयाची परीक्षा ताबडतोब झाली. १८९९-१९०० चा दुष्काळ, जुनी माणसे ज्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात (शके नव्हे, संवत १९५६), नगर जिल्ह्यावर भयंकर आला. आईबाप मेलेली, कुठे सोडून दिलेली मुले मिशनच्या आश्रयाला येऊ लागली. अंगावर चिंध्या, पोट पाठीला लागलेले, खरूज आणि उवा. अशा मुलांना जवळ घेणे, न्हाऊमाखू घालणे, जेवू घालणे ही कामे व्याख्यान देऊन होत नाहीत. त्याला हात लागतात, आणि ते हात बहुतेक वेळा बायकांचे असतात. टिळक पतिपत्नींच्या घरी अशी मुले येत राहिली, राहत राहिली. त्यांची जात कोणी विचारली नाही.

पुढे नगरला प्लेग आला तेव्हाही तसेच. प्लेगची गाठ दिसली की सख्खे नातेवाईकही दूर पळत, असे ते दिवस होते. लक्ष्मीबाई प्लेगच्या रोग्यांच्या सेवेला राहिल्या. त्या काही शिकलेल्या परिचारिका नव्हत्या. औषधे देणे, कपडे बदलणे, पाणी पाजणे, रात्री उशाशी बसणे, एवढेच करण्यासारखे होते. आमच्या पिढीने कोविडच्या साथीत मस्कतमधल्या बंद दारांमागचे दिवस पाहिले आहेत. त्या वेळी दाराशी डबा ठेवून जाणारा शेजारी आपल्याला केवढा वाटला होता. प्लेगच्या काळात त्यावर खात्रीचे औषध नव्हते, हे ध्यानात घेऊन मग या सेवेकडे पाहावे.

आता टिळकांकडे वळू, कारण आमचे सर्वांत मोठे भांडण त्यांच्यावरून झाले. टिळक अतिशय उदार होते. खिशात असेल ते समोरच्याला देऊन टाकायचे. रस्त्यात कोणी भेटला की त्याला जेवायला घेऊन घरी यायचे. पाहुणा किती दिवस राहील याला मर्यादा नाही. घरात काय शिल्लक आहे याची त्यांना कल्पना नसे आणि ती असावी असे त्यांना वाटतही नसे. आमच्या गटातल्या मुली म्हणाल्या, की हे औदार्य टिळकांचे नव्हे, लक्ष्मीबाईंचे. बोलावणारे ते, पण पीठ मळणाऱ्या त्या. देणारे ते, आणि उद्या काय शिजवायचे याची काळजी करणाऱ्या त्या. मुलगे म्हणाले, की टिळकांनी बोलावलेच नसते तर लक्ष्मीबाईंना वाढण्याची संधी कुठे मिळाली असती? यावर मुलींनी जे उत्तर दिले ते या अंकात छापता येणार नाही.

आम्ही पुस्तक पुन्हा उघडून पाहिले. लक्ष्मीबाई स्वतः काय करतात? त्या टिळकांचे गुणही सांगतात आणि दोषही. त्यांचा राग, त्यांचे रुसणे, दोघांची कडाक्याची भांडणे, आणि मग दोघांनी लहान मुलांसारखे हसणे, हे सगळे त्यात आहे. नवऱ्याला त्यांनी देव केले नाही आणि खलनायकही केले नाही. ज्या सासऱ्यांनी त्यांना छळले आणि ज्या वडिलांनी घरादाराला वेठीस धरले त्यांच्याविषयी लिहितानाही कडवटपणा नाही. आमचे मत असे झाले, की दया फक्त भुकेल्याला जेवण देण्यात नसते. ज्याने आपल्याला त्रास दिला त्याची गोष्ट सांगताना त्याच्यावर अन्याय न करणे, हेही फार अवघड काम आहे. म्हणून भांडण मिटले, निदान अर्धे मिटले. टिळकांनी घर चालवण्याकडे जास्त लक्ष द्यायला हवे होते, असे मुलींचे अजूनही म्हणणे आहे आणि आम्ही ते इथे नोंदवत आहोत.

त्या घरातल्या एका पाहुण्याची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. १९०७ मध्ये जळगावला महाराष्ट्र कविसंमेलन भरले होते. डॉक्टर कीर्तिकर अध्यक्ष होते. सतरा वर्षांचा एक लाजाळू मुलगा तिथे उभा राहिला आणि त्याने कविता म्हटली. त्र्यंबक बापूजी ठोमरे त्याचे नाव. सभा थक्क झाली आणि त्याला बालकवी ही पदवी मिळाली. अशा सभांमध्ये टाळ्या पडतात, हार घातले जातात, आणि दुसऱ्या दिवशी मुलगा पुन्हा आपल्या गरिबीत परत जातो. टिळकांनी तसे होऊ दिले नाही. ते त्याला नगरला आपल्या घरी घेऊन आले. त्याच्या शिक्षणाची काळजी घ्यायची, त्याची कविता ऐकायची, त्याला लिहिते ठेवायचे, असा तो बेत होता.

ठोमरे हिंदू ब्राह्मण घरचा मुलगा. ख्रिस्ती पाद्रीच्या घरी राहतो म्हटल्यावर लोकांच्या भुवया चढल्याच असणार. पण बालकवी त्या घरी राहिले आणि हिंदूच राहिले. त्यांना ख्रिस्ती करणे हा त्यांना जवळ करण्याचा हेतू नव्हता. टिळकांनी त्यांच्या कवितेला दिशा दिली असेल, पण रोजच्या जेवणाखाण्याची, रुसण्याफुगण्याची, आजारपणाची बाजू लक्ष्मीबाईंकडे होती. मनाने लहान मूल असलेल्या या कवीला त्यांनी आईसारखे सांभाळले. एकाला दोन मुले झाली, असा तो प्रकार होता. आपण शाळेत औदुंबर आणि फुलराणी या कविता शिकतो. त्या लिहिणाऱ्या माणसाच्या पाठीमागे काही काळ नगरचे हे घर होते. १९१८ च्या मे महिन्यात जळगावजवळ भादली स्टेशनापाशी आगगाडीखाली सापडून बालकवी गेले. वय अवघे सत्तावीस.

पुढच्या वर्षी टिळकही गेले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली होती आणि सातारा येथे देवाचा दरबार नावाने नवे काम सुरू केले होते. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सगळे येशूचे चाहते त्यात यावेत, अशी त्यांची कल्पना होती. तुकारामांना ते आयुष्यभर आपले मानत राहिले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. पगार सोडून दिलेल्या माणसाच्या मागे काय उरणार? लक्ष्मीबाईंनी पन्नाशी गाठली होती. त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहावर मेट्रन म्हणून काही काळ नोकरी धरली. मग मुलाबरोबर त्या कराचीला गेल्या.

कराचीचे नाव वाचून आम्ही नकाशा उघडला. वादी कबीरहून पाहिले तर मुंबईपेक्षा कराची आपल्याला जवळ आहे. आपल्यापैकी काहींचे आजोबा मुंबईहून द्वारका बोटीने मस्कतला आले. ती बोट १९८२ पर्यंत चालत होती आणि वाटेत कराचीला थांबत असे. तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच होते आणि तिथे मराठी मंडळी पुष्कळ होती. नऊवारी नेसलेल्या, नाशिककडच्या बोलीत बोलणाऱ्या लक्ष्मीबाई तिथे उतरल्या, तेव्हा परमुलखात आलेल्या आपल्या आजींसारख्याच दिसल्या असतील.

टिळकांचे चरित्र लिहायचे म्हणून मुलगा देवदत्त, म्हणजे आपला दत्तू, आईकडे आठवणी मागत होता. त्या सांगता सांगता आणि लिहिता लिहिता स्मृतिचित्रे तयार झाले. संजीवनी या नियतकालिकात ते क्रमाने आले आणि १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूपाने निघाले. बोलल्यासारखी भाषा, घरगुती शब्द, आणि स्वतःच्या फजितीवर स्वतःच हसणे. पुढे इंग्रजीतही त्याची भाषांतरे झाली. एक १९५० मध्ये, आणि शांता गोखले यांनी केलेले २०१७ मध्ये.

दुसरे काम टिळकांच्या अपुऱ्या राहिलेल्या ख्रिस्तायनाचे. येशूचे चरित्र ओवीत सांगण्याचा टिळकांचा संकल्प होता. त्यांच्या हातून दहा-अकरा अध्याय झाले आणि ते गेले. उरलेले साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. आमच्या मुलींचे म्हणणे, इथेही तेच झाले : पाहुण्याला बोलावले टिळकांनी आणि पंगत वाढली बाईंनी. यावर मुलग्यांना या वेळी काही बोलता आले नाही.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाईंचे निधन झाले. जलालपूर तिथून काही मैलांवर. ख्रिस्तायन त्यांच्या पश्चात, १९३८ मध्ये छापून निघाले.

स्मृतिचित्रेची एक प्रत वर्गाच्या पुस्तकपेटीत ठेवली आहे. कव्हर सुटले आहे, ते जपावे. नेताना वहीत नाव आणि तारीख लिहावी आणि पुढच्या सुट्टीच्या आधी परत आणावी, कारण धाकट्या गटातल्या तिघांनी आधीच नंबर लावला आहे.

– मोठा गट